पहिल्या अल्बमचे श्रोते

मागील अंकात या सदरातून ‘कॅनिबल ऑक्स’ या न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या रॅप करणाऱ्या जोडीचा 2001 मधील पहिला अल्बम, ‘द कोल्ड व्हेन’, याची ओळख करून दिली होती. त्यावर नागपूर आणि परिसरातून आलेली पत्रे वाचताना मनापासून आनंद झाला, कारण बहुतेकांनी अल्बम खरोखर ऐकला आणि मगच लेखणी उचलली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : तुमचा लेख वाचून हा अल्बम ऐकला आणि आता दुसरे काही ऐकावेसेच वाटत नाही. वसतिगृहात जो भेटेल त्याला मी तो ऐकवतो. मित्र म्हणतात की मला वेड लागले आहे. मी त्यांना सांगतो की ज्याला हा अल्बम आवडला नाही त्याला रॅप कळतच नाही. माझ्या या उत्साहात काही वावगे आहे का? — एक अभियांत्रिकी विद्यार्थी, प्रतापनगर

उत्तर : उत्साहात वावगे काहीच नाही; उलट अंडरग्राउंड म्हटल्या जाणाऱ्या, मोठ्या कंपन्यांच्या बाहेर वाढणाऱ्या संगीताची सारी भिस्त अशाच उत्साहावर असते. हा अल्बम मे 2001 मध्ये ‘डेफिनिटिव्ह जक्स’ या तेव्हा नुकत्याच उभ्या राहिलेल्या छोट्या कंपनीने काढला. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेला एल-पी हाच अल्बमचा संगीतनिर्माता होता, आणि त्याच्या ‘कंपनी फ्लो’ या गटाने 1997 च्या ‘फनक्रशर प्लस’ या पहिल्या अल्बममधून मोठ्या कंपन्यांच्या अटी न मानताही दखल घ्यायला लावणारे काम करता येते हे आधीच दाखवून दिले होते. मोठ्या कंपन्यांकडे जाहिरातीसाठी आणि दुकानातील दर्शनी जागेसाठी पैसा असे. छोट्या कंपनीकडे तो नसे, आणि ती उणीव श्रोता भरून काढत असे. एकाने दुसऱ्याला ऐकवले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे आग्रह धरला, आणि दोन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर तो प्रतापनगरच्या वसतिगृहापर्यंत पोहोचला.

नागपूरकरांना ही रीत परकी वाटू नये. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर आलेला माणूस परतताना पुस्तकांबरोबर भीमगीतांच्या कॅसेट आणि पुढच्या काळात सीडी घेऊन जात असे, आणि त्या एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत, एका गावातून दुसऱ्या गावात फिरत असत. वामनदादा कर्डकांची गाणी महाराष्ट्रभर गेली ती प्रामुख्याने गाणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या ओठांवरून. ज्या गाण्याला मोठा व्यापारी पाठीराखा नसतो, त्याचा श्रोता हाच त्याचा प्रचारक असतो, आणि हे काम मी कमी प्रतीचे मुळीच मानत नाही.

मात्र उत्साह नेमका असावा, एवढा माझा आग्रह आहे. ‘भारी आहे, ऐकच’ एवढ्यावर कोणी सत्तर मिनिटांहून लांब अल्बम ऐकायला बसत नाही, आणि बसला तरी काय ऐकायचे हे त्याला उमगत नाही. त्याऐवजी मित्राला सांगा की जोडीतला व्हास्ट एअर हा सावकाश, शब्द सुटे सुटे करत बोलतो आणि एखाद्या ओळीनंतर मुद्दाम इतका थांबतो की ती ओळ ऐकणाऱ्याच्या मनात दुसऱ्यांदा उमटते. त्याचा जोडीदार व्होर्डुल मेगा मात्र खालच्या आवाजात, ओळीच्या आतच यमकांवर यमके रचत जातो आणि श्वास घ्यायलाही फारशी जागा ठेवत नाही. हे दोन आवाज एकमेकांचे उणे भरून काढतात, म्हणून जोडी एका रॅपरच्या दुप्पट नव्हे तर निराळीच गोष्ट ठरते. ‘पिजन’ या गाण्यात शहरातले कबुतर आणि शहरातला गरीब माणूस एकमेकांशेजारी उभे राहतात. दोघेही इमारतींच्या कडेकपारीत जगतात, उरलेसुरले वेचतात आणि कोणाच्याही खिजगणतीत नसतात. त्याच्या पाठोपाठ येणारे ‘स्क्रीम फिनिक्स’ त्याच पक्ष्याला राखेतून उठणाऱ्या पक्ष्याच्या जवळ नेते. इतके सांगितलेत तर ऐकणाऱ्याच्या हाती धागा लागेल, आणि तुमच्याही लक्षात येईल की आपल्याला हा अल्बम नेमका कशामुळे आवडला आहे. पुष्कळदा तेच आपल्याला ठाऊक नसते.

‘न आवडणाऱ्याला रॅप कळत नाही’ हे विधान मात्र मागे घ्यावे, अशी विनंती आहे. अल्बम लांब आहे, त्याचा भार सतत एकसारखा राहतो, आणि एल-पीचे थंड, धातूचा आवाज यावा तसे संगीत एखाद्याला तिसऱ्या गाण्यातच थकवू शकते. फुशारकीची दोन-तीन गाणी कमी असती तर उरलेल्यांना अधिक मोकळी हवा मिळाली असती, असे मला स्वतःला वाटते. स्त्रियांविषयीच्या काही ओळीही मला खटकतात. ज्या मित्राला अल्बम आवडला नाही, त्याला आधी कारण विचारा. त्याने कारण सांगितले, तर त्याचे ऐकणेही तुमच्याइतकेच लक्षपूर्वक झाले आहे असे समजा आणि मग त्या कारणाशी वाद घाला.

प्रश्न : माझा अकरावीतला मुलगा दिवसभर कानाला हेडफोन लावून हे असले इंग्रजी आणि हिंदी रॅप ऐकतो. मी थोडे ऐकून पाहिले, तर शिव्याच शिव्या. यात संगीत कोणते आणि संस्कार कोणते? त्याला बंदी करावी का? — एक पालक, महाल

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे आणि तिला उडवून लावणारे उत्तर मी देणार नाही. या गाण्यांत शिव्या आहेत, आणि त्यांतल्या काही केवळ सवयीने आलेल्या आहेत. त्यांच्या बाजूने मला काही बोलायचे नाही. पण प्रत्येक शिवी एकसारखी नसते. ज्या वस्तीत माणसे तशी बोलतात त्या वस्तीची हकिकत सांगताना लेखकाने बोली धुऊन-पुसून मांडली, तर हकिकत खोटी वाटू लागते. मराठी वाचकाने दलित आत्मकथने वाचताना हा अनुभव घेतलेला आहे आणि ती भाषा आपण साहित्य म्हणून स्वीकारली आहे. तेव्हा शिवी कोणाच्या तोंडी, कोणाला उद्देशून आणि कशासाठी आली आहे, हे पाहावे लागते. या अल्बममध्ये ‘द एफ-वर्ड’ नावाचे गाणे आहे. नाव वाचून कोणालाही शिवीच वाटेल, पण ते आहे मैत्रीविषयी, म्हणजे जिच्यावर प्रेम आहे ती आपल्याला मित्रापलीकडे मानत नाही या दुःखाविषयी.

बंदी करू नये असे माझे मत आहे, कारण हेडफोनच्या आत बंदी पोहोचत नाही. त्यापेक्षा मुलाला एक गाणे निवडायला सांगावे, ते दोघांनी हेडफोनविना सोबत ऐकावे आणि त्यातली एखादी ओळ त्याने तुम्हाला उलगडून सांगावी. ज्या ओळी वडिलांसमोर उलगडून सांगता येत नाहीत, त्यांच्याविषयी तो आपोआप विचार करू लागेल. आणि ज्या सांगता येतात, त्या ऐकून कदाचित आपला मुलगा काय वाचतो, काय पाहतो आणि कशाने अस्वस्थ होतो हे तुम्हाला नव्याने कळेल. अकरावीच्या वयात मुले वडिलांशी या विषयांवर आपण होऊन बोलत नाहीत.

प्रश्न : मी इंग्रजीची शिक्षिका असूनही या रॅपमधले निम्मे शब्द मला कळत नाहीत. न कळता आवडणे हा खरा आस्वाद म्हणावा का? — एक शिक्षिका, कामठी

उत्तर : म्हणावा. आपण शब्द पूर्ण न कळता कितीतरी बंदिशी ऐकतो, आणि कोणी त्याला खोटा आस्वाद म्हणत नाही. रॅपमध्ये मात्र शब्दांना पर्याय नाही, म्हणून ‘कळत नाही’ येथेच थांबू नये. पहिल्यांदा केवळ लय ऐकावी: आघात कुठे पडतो, यमक ओळीच्या शेवटी येते की मध्येच, आवाज बीटच्या, म्हणजे ठेक्याच्या, पुढे धावतो की मागे रेंगाळतो. दुसऱ्यांदा शब्द समोर लिहिलेले ठेवून ऐकावे. या गाण्यांत न्यूयॉर्कच्या गल्ल्यांची नावे, अमेरिकी कॉमिक्समधली पात्रे आणि ‘बॅटल फॉर असगार्ड’सारख्या गाण्यात उत्तर युरोपातील पुराणकथांचे संदर्भ येतात, तेव्हा इंग्रजी उत्तम असलेल्यालाही ते अडतात, तो भाषेतला कच्चेपणा नव्हे.

एल-पीने या अल्बमचे केवळ संगीत, शब्दांशिवाय, 2002 मध्ये वेगळे प्रसिद्ध केले होते. ते आधी ऐकल्यास गाण्यांची चौकट कानात बसते आणि नंतर शब्द आपली जागा सहज घेतात. तुम्ही शिकवता, म्हणून आणखी एक सुचवावेसे वाटते: ‘अ बी-बॉइज अल्फा’ या गाण्यात जन्मापासून शहरात वाढण्याची हकिकत आहे. ते तुमच्या वर्गासाठी नाही, पण कवितेत आत्मचरित्र किती थोड्या जागेत मावते हे तुम्हाला स्वतःला त्यात पाहायला मिळेल.

प्रश्न : आम्ही चार मित्र रॅप करतो. फुटाळा तलावावर आणि मित्राच्या गच्चीवर सायफर करतो, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप करतो, लोकही जमतात. आठ गाणी तयार आहेत. एकेक गाणे सोडावे की पहिला अल्बम म्हणून सगळी एकत्र द्यावीत? लोक आता अल्बम ऐकतात का? बीट, म्हणजे गाण्यामागचे तयार संगीत, आम्ही इंटरनेटवरून घेतल्या आहेत. — चौघांच्या वतीने एक, हिंगणा रोड

उत्तर : या पत्राने मला सर्वांत जास्त आनंद झाला, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

एकेक गाणे की अल्बम, हा प्रश्न जितका वाटतो तितका अवघड नाही, कारण दोन्ही करायचे असते. ‘वू-टँग क्लॅन’ या स्टेटन आयलंडच्या नऊ जणांच्या गटाने आधी ‘प्रोटेक्ट या नेक’ हे एकच गाणे स्वतःच्या बळावर काढले. त्याने कान वळवले आणि मग नोव्हेंबर 1993 मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. कॅनिबल ऑक्सचे ‘आयर्न गॅलक्सी’देखील अल्बमच्या आधी लोकांसमोर आले होते. एक गाणे श्रोत्याला दारापर्यंत आणते, पण त्याला घरात बसवतो तो अल्बम. तुमच्यावर जीव लावणारे श्रोते तुम्हाला अल्बममुळेच मिळतील, कारण एका गाण्यात माणूस आवडतो आणि अल्बममध्ये त्याचे जग कळते.

पण आठ गाणी तयार असणे म्हणजे अल्बम तयार असणे नव्हे. ज्या पहिल्या अल्बमांवर श्रोते वर्षानुवर्षे प्रेम करत आले आहेत, ते शेजारी ठेवून पाहा. ‘द कोल्ड व्हेन’चे संगीत एल-पीचे आहे, वू-टँग क्लॅनच्या पहिल्या अल्बमवर गटातलाच संगीतनिर्माता आरझा याची मुद्रा आहे, आणि आपल्याकडे दिल्लीच्या ‘सीधे मौत’ या जोडीचा ‘आझादी रेकॉर्ड्स’ने 2018 मध्ये काढलेला ‘बयान’ हा पहिला अल्बम सेझ ऑन द बीट या संगीतनिर्मात्याच्या हातून घडला आहे. तिन्ही ठिकाणी रॅपर एकाहून अधिक आहेत, पण संगीताची दिशा ठरवणारा कान एक आहे, आणि त्यामुळेच निरनिराळ्या स्वभावांचे आवाज एका छताखाली नांदतात. तुमच्या आठ बीट आठ अनोळखी लोकांच्या असतील, तर तुम्ही कितीही चांगले लिहिले असले तरी अल्बम धर्मशाळेसारखा वाटेल. नागपुरात बीट बनवणारी मुले आहेत. त्यांच्यापैकी एकाला पाचवा सदस्य म्हणून सोबत घ्या आणि निदान निम्मी गाणी त्याच्यासोबत नव्याने बांधा.

इंटरनेटवरून घेतलेल्या बीटचा दुसरा धोका कायद्याचा आहे. त्या बहुधा लीजवर मिळतात. म्हणजे तीच बीट आणखी कोणालाही विकलेली असू शकते, आणि लीजमध्ये किती वेळा गाणे ऐकले जाईल याची मर्यादा घातलेली असू शकते. ती कागदपत्रे आता, गाणी प्रसिद्ध होण्याआधी, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. त्या बीटमध्ये जुन्या हिंदी किंवा मराठी गाण्याचा तुकडा वापरलेला असेल, तर बीटवाल्याने दिलेली परवानगी पुरेशी होत नाही. मूळ ध्वनिमुद्रण आणि मूळ रचना या दोन्हींच्या हक्कधारकांची परवानगी लागते. आवडत्या गाण्याचा तुकडा उचलणे हा हिप-हॉपचा प्राण आहे हे मान्य करूनही सांगतो की परवानगीविना उचललेल्या तुकड्यामुळे पूर्ण गाणे खाली उतरवावे लागते.

आपापसातला हिशेबही आताच लिहून ठेवा: कोणत्या गाण्यात कोणाचे शब्द, कोणाचे संगीत, कोणाचा वाटा किती टक्के. मैत्री पक्की असतानाच हा कागद करायचा असतो. 2012 मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क बळकट केला आहे, आणि 1969 पासून काम करणारी ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ सदस्यांच्या वतीने अशी रॉयल्टी गोळा करते. सदस्य होण्यासाठी मोठा कलाकार असावे लागत नाही, पण रचना कोणाची हे नोंदवता आले पाहिजे. वू-टँग क्लॅनचे आणखी एक शहाणपण येथे घेण्यासारखे आहे. गट म्हणून करार करताना प्रत्येक सदस्याला दुसऱ्या कंपनीसोबत स्वतंत्र काम करण्याची मुभा त्यांनी राखून ठेवली होती. चौघांपैकी एकाला उद्या एकट्याने गावेसे वाटले, तर तो गद्दार ठरू नये याची सोय आजच करून ठेवावी.

लोक आता अल्बम ऐकतात का, याचे उत्तर याच पानावरच्या पहिल्या पत्रात आहे. सगळे ऐकत नाहीत, पण जे ऐकतात ते तुमची गाणी वसतिगृहभर वाजवतात. गच्चीवर जमणाऱ्या लोकांपैकी तीन-चार नेमके बोलणारे श्रोते निवडा, मास्टरिंगला, म्हणजे ध्वनीवरच्या अखेरच्या संस्काराला, देण्याआधी त्यांना आठही गाणी क्रमाने, मध्ये न थांबता ऐकवा, आणि ते कोणत्या गाण्यात मोबाइलकडे पाहू लागतात ते बघा. ते गाणे काढून टाका, मग ते तुमचे कितीही लाडके असो.

प्रश्न : मी वऱ्हाडीत लिहिते. ‘काऊन’, ‘मले’, ‘तुले’ असे शब्द आले की पुण्या-मुंबईकडचे ऐकणारे हसतात, आणि इकडचेच काही जण म्हणतात की हिंदीत कर, म्हणजे जास्त लोक ऐकतील. काय करावे? — एक तरुणी, काटोल

उत्तर : वऱ्हाडीतच लिहावे. ज्या जोडीबद्दल या पानावर इतके बोलणे चालले आहे, तिने हार्लेमची बोली बाहेरच्या माणसासाठी सोपी करून दिली नाही, आणि कामठीच्या शिक्षिका ती समजून घेण्यासाठी स्वतः कष्ट घेत आहेत. श्रोत्याला खरोखर गोडी लागली की तो बोलीपर्यंत चालत येतो. तुमच्या जवळच अमरावतीचे विपिन तातड आणि ‘100 आरबीएच’ या नावाने गाणारे सौरभ अभ्यंकर यांनी विदर्भातून रॅप करून स्वतःचा श्रोता मिळवला आहे, आणि मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटाने 2019 मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ या गाण्यात आरेच्या जंगलातील आदिवासींचा प्रश्न मांडताना प्रकाश भोईर यांचा आवाज सोबत घेतला होता.

हसण्याविषयी एक सांगतो. गेली कित्येक वर्षे नाटक-सिनेमात वऱ्हाडी बहुधा विनोदी पात्राच्या तोंडी दिली गेली, त्यामुळे ती ऐकताच हसण्याची सवय लागली आहे. ती सवय गंभीर ओळी पुन्हा पुन्हा ऐकवल्यानेच मोडेल. कापसाच्या भावावर, संत्र्याच्या गळतीवर किंवा घरातल्या बाईच्या कामावर तुम्ही ‘मले’ म्हणत एक खणखणीत ओळ टाकलीत, तर दुसऱ्या ओळीला कोणी हसणार नाही. हिंदी येते म्हणून हिंदीत लिहायलाही हरकत नाही. नागपूर तर दोन्ही भाषांत जगणारे शहर आहे. मात्र श्रोत्यांच्या संख्येसाठी भाषा बदलू नये.

प्रश्न : इतक्या नावाजलेल्या जोडीचा दुसरा अल्बम इतक्या उशिरा का आला? — एक वाचक, धंतोली

उत्तर : दुसरा अल्बम, ‘ब्लेड ऑफ द रोनिन’, 2015 मध्ये आला, म्हणजे पहिल्यानंतर 14 वर्षांनी. मधल्या काळात दोघांनी वेगवेगळे काम केले, आणि दुसऱ्या अल्बमची धुरा एल-पीकडे नव्हती. तो तोवर किलर माइक या रॅपरसोबत ‘रन द ज्युवेल्स’ या जोडीत रमला होता. दुसरा अल्बम पहिल्याच्या तुलनेत फिका आहे असे मला वाटते, तरी व्हास्ट एअरचा आवाज पुन्हा ऐकताना जुन्या श्रोत्यांना झालेला आनंद मी समजू शकतो.

प्रश्न : मोबाइलवर महिन्याचे पैसे भरून मी सारे ऐकतोच. मग कलाकाराला पैसे मिळतातच ना? वेगळे विकत कशाला घ्यायचे? — एक बँक कर्मचारी, सीताबर्डी

उत्तर : मिळतात, पण एकेका ऐकण्यामागे इतके थोडे की छोट्या गटाला त्यातून स्टुडिओचे भाडेही सुटत नाही. बँडकॅम्पसारख्या, कलाकाराकडून थेट खरेदी करता येणाऱ्या संकेतस्थळावर अल्बम विकत घेतल्यास डिजिटल विक्रीतून बँडकॅम्प कंपनी साधारणपणे 15 टक्के ठेवते आणि पैसे देवघेवीचा खर्च वजा जाता उरलेले कलाकाराकडे जातात. मार्च 2020 पासून काही ठरावीक शुक्रवारी ती स्वतःचा वाटाही सोडते. तुम्ही महिन्याला जे भरता ते भरत राहा, आणि ज्या गटाचा पहिला अल्बम तुम्हाला मनापासून आवडला, त्याचा तो एक अल्बम विकत घ्या. हिंगणा रोडच्या चौघांचा आला, की त्यांचा आधी.

प्रश्न : मी सेवानिवृत्त आहे. आयुष्यभर नाट्यसंगीत ऐकले. तुमच्या लेखामुळे कुतूहल वाटते, पण सत्तर मिनिटे हे सहन होईल असे वाटत नाही. कुठून सुरुवात करावी? — एक वाचक, लक्ष्मीनगर

उत्तर : आधी ‘आयर्न गॅलक्सी’ हे पहिलेच गाणे ऐकावे, कारण अल्बमचे शहर आणि हवामान त्यात लगेच कळते. मग थेट शेवटाकडे जाऊन ‘पिजन’ आणि ‘स्क्रीम फिनिक्स’ सलग ऐकावीत, मध्ये थांबू नये. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर या संगीतातला खर्ज ऐकूच येत नाही आणि उरतो तो केवळ गोंगाट. तेव्हा घरातल्या चांगल्या स्पीकरवर किंवा नातवाचे हेडफोन मागून घेऊन ऐकावे. ही तीन गाणी रुचली तर ‘अ बी-बॉइज अल्फा’ ऐकावे, आणि नाही रुचली तर का नाही, ते मला अवश्य लिहून कळवावे. नाट्यसंगीताच्या कानाने काढलेला दोष मला वाचायचा आहे.